इंग्लंडचे फॅन्स गावात येतात तेव्हा

युरो २०२४, म्हणजे जर्मनीत होणाऱ्या युरोपच्या फुटबॉल स्पर्धेचे ग्रुप ठरवणारा ड्रॉ झाला, इंग्लंडच्या ग्रुपच्या मॅचेस गेल्सनकिर्शन, फ्रँकफर्ट आणि कोलोनला आल्या, आणि सोमवारी ऑफिसात जर्मन मंडळींचा सूरच बदललेला. तोपर्यंत घरची स्पर्धा म्हणून सगळे खुशीत होते, आता एकच विषय, इंग्लंडवाले येणार. हे ज्या आवाजात म्हटलं जात होतं तो आवाज मला लहानपणापासून माहितीय. मी कोल्हापूरचा, आमच्याकडं दोन तालमींच्या फुटबॉल टीमची मोठी मॅच लागली की शाहू स्टेडियमच्या आसपासचे दुकानदार असंच बोलतात, शटर अर्ध्यावर घ्यायचं का पूर्ण पाडायचं. त्यामुळं माझी उत्सुकता उलट वाढली. फॅन्सबद्दल गावभर जे बोललं जातं आणि फॅन्स प्रत्यक्षात जसे असतात त्यात बरंच अंतर असतं, हे पेठेत वाढलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही.

मी राहतो ड्युसेलडॉर्फला. इंग्लंड जसजसं पुढं गेलं तसतशी त्यांची स्पर्धा आमच्याच भागात फिरत राहिली. सर्बिया आणि नंतर स्लोव्हाकिया गेल्सनकिर्शनला, स्लोव्हेनिया कोलोनला, क्वार्टर फायनलला स्वित्झर्लंड तर आमच्याच गावात, सेमीला नेदरलँड्स डॉर्टमुंडला. सगळं साध्या ट्रेननं जाऊन येण्यासारखं. स्टेडियमची तिकिटं मिळणं अवघड होतं पण त्यानं माझं फार काही बिघडलं नाही, कारण इंग्लिश फॅन बघायचा तर मॅचच्या दिवशी दुपारी गावातल्या मुख्य चौकात बघायचा. खरा मुक्काम तिथंच असतो, मॅच त्याच्यानंतर.

सकाळी दहा-अकराला दोन-चार जण येतात, चौकातली रेलिंग, बाल्कनी, पुतळ्याचा चौथरा, कारंज्याची कड सगळं नजरेखालून घालतात, आणि मग पिशवीतून झेंडे निघतात. पांढऱ्यावर लाल क्रॉस, सेंट जॉर्जचा. १९६६ च्या फायनलचे फोटो बघा, वेम्बलीवर सगळीकडं युनियन जॅक दिसेल, हा लाल क्रॉसवाला झेंडा फॅन्सच्या हातात खऱ्या अर्थानं आला तो १९९६ च्या युरोपासून. पण मला त्या झेंड्यापेक्षा त्याच्यावर जे लिहिलेलं असतं ते जास्त आवडलं. क्रॉसच्या आडव्या पट्टीवर मोठ्या अक्षरात गावाचं नाव असतं. ग्रिम्सबी, वॉल्सॉल, कार्लाइल, प्लिमथ, स्विंडन, रॉदरहॅम. लंडन, मँचेस्टर शोधावं लागतं. लिव्हरपूल तर जवळजवळ नाहीच, तिथल्या बऱ्याच लोकांना आपण आधी लिव्हरपूलचे आणि मग जमलं तर इंग्लंडचे असं वाटतं.

हे असं का, तर ज्यांचा क्लब दरवर्षी चॅम्पियन्स लीग खेळतो त्यांची माद्रिद, मिलान, म्युनिक सगळी वारी क्लबबरोबर होऊन जाते, त्यांना इंग्लंडची तेवढी भूक उरत नाही. वॉल्सॉलच्या माणसाला कोण नेणार मिलानला? गेल्सनकिर्शनला मला तिथलेच एक काका भेटले, प्लंबिंगची कामं करतात, पन्नाशी कधीच ओलांडलेली, मुलगा आणि मेव्हणा बरोबर. ते म्हणाले माझा क्लब माझ्या हयातीत युरोपात जायचा नाही, मग मी इंग्लंडच्या मागं जातो आणि जाताना झेंड्यावर वॉल्सॉल घेऊन जातो. टीव्हीवर झेंडा दिसला की गावातल्या पबमध्ये आरडाओरडा होतो म्हणे, गोल झाल्यासारखा. मला हे ऐकताना आमच्या पेठा आठवल्या नाहीत असं कसं होईल, पण ते असो.

आणि ही मंडळी फक्त मोठ्या स्पर्धेला उगवत नाहीत. इंग्लंड सपोर्टर्सचा अधिकृत ट्रॅव्हल क्लब आहे, मेंबर व्हायचं, जेवढ्या मॅचेसना जाल तेवढे पॉइंट जमा होतात, आणि मोठ्या स्पर्धेत तिकीट आधी कुणाला ते त्या पॉइंटवर ठरतं. म्हणून २०२३ मध्ये क्वालिफायिंगसाठी नेपल्सला जा, माल्टाला जा, युक्रेनची मॅच पोलंडमध्ये व्रोत्सवाफला होती तर तिथं जा, नोव्हेंबरच्या थंडीत स्कोपियेला जा. इंग्लंड आधीच क्वालिफाय झालेलं, मॅचला काही अर्थ उरलेला नाही, तरी स्कोपियेत हे हजर. असा माणूस जेव्हा जूनमध्ये उन्हात शर्ट काढून गाताना दिसतो आणि आपण म्हणतो बघा दारुडे आले, तेव्हा त्याच्यामागं किती सुट्ट्या, किती ओव्हरटाइम आणि किती पहाटेच्या स्वस्तातल्या फ्लाइट आहेत हे आपल्याला दिसत नाही.

दारूचं म्हणाल तर पितात, भरपूर पितात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्यातही एक शिस्त असते आणि ती मी कोलोनला होयमार्क्टच्या एका ब्राऊहाउसमध्ये, म्हणजे तिथल्या बिअरच्या पबमध्ये, अगदी शेजारच्या टेबलावरून बघितली. इंग्लिश लोक राऊंडनं पितात, म्हणजे एकानं सगळ्या टोळीसाठी आणायचं, पुढच्या वेळी दुसऱ्यानं, आणि आपली पाळी चुकवणारा माणूस आयुष्यभर लक्षात ठेवला जातो. कोलोनमध्ये मात्र क्योल्श बिअर येते २०० मिलीच्या बारीक ग्लासात, त्यांच्या घरच्या पाइंटच्या निम्मीसुद्धा नाही, आणि निळ्या एप्रनमधला वेटर, त्याला तिथं क्योबेस म्हणतात, तो कुणाची ऑर्डर बिर्डर विचारत नाही. ग्लास रिकामा दिसला की भरलेला ठेवतो आणि पुठ्ठ्याच्या कोस्टरवर पेन्सिलीनं एक रेघ ओढतो. तुम्ही कोस्टर ग्लासवर झाकत नाही तोवर हे चालूच. प्लिमथचं टोळकं होतं, आठ-नऊ जण, पहिल्या पंधरा मिनिटांत त्यांचा सगळा हिशोबच कोलमडला, कुणाची राऊंड चाललीय तेच कळेना. शेवटी त्यांच्यातल्या एका टकल्या माणसानं तोडगा काढला, कोस्टर एकच, तो ज्याच्यासमोर असेल त्याची राऊंड, रेघा टेबलावरच्या माणसांइतक्या झाल्या की पैसे देऊन कोस्टर डावीकडं सरकवायचा. क्योबेसला हे समजावलं, तो कोलोनचा खडूस म्हातारा, त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली आणि त्यानंतर रेघ ओढताना दरवेळी ज्याची राऊंड त्याच्याकडं बघून भुवई उडवायला लागला. तासाभरात त्याला नवंकोरं प्लिमथचं मफलर मिळालेलं. बाहेर जूनचं ऊन रणरणत होतं, तरी त्यानं ते गळ्यात घातलं.

त्या संध्याकाळची मॅच मात्र भयानक झाली. स्लोव्हेनियाशी ०-०. शेवटी इंग्लंडचा तेव्हाचा कोच साऊथगेट फॅन्सकडं टाळ्या वाजवत गेला तेव्हा वरून बिअरचे प्लॅस्टिकचे कप फेकले त्याच्यावर. ज्या माणसानं २०१८ ला सेमी आणि २०२१ ला फायनल दाखवली त्याला! मला हे अजिबात पटलं नाही आणि आजही पटत नाही. इतक्या लांब येऊन, इतका पैसा घालून बघितलेला खेळ रटाळ निघाला तर राग येणारच, तोंडावर ओरडा, शिट्ट्या मारा, तो हक्क आहे तुमचा. माणसावर वस्तू फेकायची नाही. आणि पाचच दिवसांनी स्लोव्हाकियाविरुद्ध इंज्युरी टाइमच्या पाचव्या मिनिटाला बेलिंगहॅमनं ती उलटी किक मारल्यावर हेच लोक रडत एकमेकांच्या गळ्यात पडलेले. टोकं दोनच, मधलं काही नाही.

आता ज्या गोष्टीचा मला मनापासून राग येतो त्याच्याबद्दल. जर्मन बॉम्बर विमानांचं एक गाणं आहे त्यांच्याकडं, दहापासून उलटं मोजत जायचं, एकेक विमान आरएएफ, म्हणजे ब्रिटिश हवाई दल, पाडत जातं. शाळेतल्या गाण्याच्या चालीवर आहे, दारू पिऊन म्हणायला सोपं. स्पर्धेच्या आधी त्यांच्याच फुटबॉल असोसिएशननं विनंती केली की हे म्हणू नका, जर्मन पोलिसांनीही सांगितलं. तरी म्हणत होते. सगळे नाही, बहुतेक तर नाहीच, पण वीस-पंचवीस पोरांनी सुरू केलं की ट्रामभर ऐकू जातं.

मी या भागात राहतो म्हणून मला ते जास्त लागतं. ३० मे १९४२ च्या रात्री एकट्या कोलोनवर हजारच्या वर ब्रिटिश विमानं आली होती. एसेन, डॉर्टमुंड, गेल्सनकिर्शन, कोळसा, पोलाद आणि तेलाचे कारखाने म्हणून हा सगळा रूर पट्टा भाजून काढला होता. आणि ते संपलेलं नाही बरं का, आजही इथं कुठं पाया खणायला घेतला की न फुटलेला बॉम्ब सापडतो, मग मोबाइलवर अलर्ट येतो, पाचशे मीटरातली घरं रिकामी करायची, म्हातारी माणसं शाळेच्या हॉलमध्ये घोंगड्या घेऊन बसतात आणि बॉम्ब निकामी करणारं पथक काम उरकेपर्यंत थांबतात. आमच्या शेजारच्या आज्जी लहानपणी तळघरात बसलेल्या आहेत, त्या अलर्ट आला की आजही पहिल्यांदा पाण्याची बाटली भरून घेतात. नाझी जर्मनीनं लंडनचं, कॉव्हेंट्रीचं काय केलं ते मला माहिती आहे, युद्ध कुणी सुरू केलं तेही, आणि ते इथली माणसं मला सोडा, स्वतःच्या पोरांनासुद्धा कधी विसरू देत नाहीत. पण त्या आज्जींच्या ट्राममध्ये ते गाणं गाणारा पोरगा २००२ चा जन्म, त्यानं काय पाडलंय? दुसऱ्याच्या गावात पाहुणा म्हणून आल्यावर त्या गावाच्या जखमेवर नाचायचं नसतं, याला कुठलंही कल्चर, कुठलीही गंमत म्हणून सूट नाही.

पण ड्युसेलडॉर्फला एक वेगळी गोष्ट बघितली. आल्टश्टाडमध्ये, म्हणजे जुन्या गावात, काही पोरांनी तेच सुरू केलं, चार-पाच विमानं पडली असतील, तेवढ्यात मागून एक दणकट म्हातारा उठला, हातावर टॅटू, अंगात १९९० च्या टीमचा शर्ट, त्या पोरांजवळ गेला, आवाज न चढवता काहीतरी बोलला आणि मग स्वतःच दुसरं गाणं उचललं, कॅप्टन हॅरी केनचं. आख्ख्या चौकानं ते धरलं आणि पोरं गप. हे पोलिसानं केलं असतं तर तिथं मारामारी झाली असती, मी लिहून देतो.

आणि हे फक्त माझं म्हणणं नाही, याच्यावर खूप अभ्यास झालाय. त्यासाठी थोडं मागं जायला लागेल. १९८५ मध्ये ब्रुसेल्सच्या हेझेल स्टेडियमवर लिव्हरपूल फॅन्सच्या हल्ल्यानंतर भिंत कोसळून ३९ माणसं गेली, बहुतेक युव्हेंटसचे इटालियन सपोर्टर्स, आणि त्यानंतर इंग्लिश क्लबना पाच वर्षं युरोपबंदी, लिव्हरपूलला सहा. १९९० च्या वर्ल्डकपला इंग्लंडच्या ग्रुप मॅचेस सार्डिनिया बेटावर ठेवल्या, म्हणजे ही माणसं मुख्य भूमीपासून लांब राहावीत. १९९८ ला मार्सेय, ट्युनिशियाच्या मॅचच्या आसपास दोन दिवस दंगल. २००० ला बेल्जियममध्ये शार्लरुआचा चौक, खुर्च्या उडताहेत, पाण्याचे फवारे, शेकड्यानं अटक, आणि युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, जाहीर धमकी दिली की अजून काही झालं तर टीमलाच घरी पाठवू. त्याच उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये कायदा आला, कोर्टानं बंदी घातलेल्या माणसानं स्पर्धेच्या काळात पासपोर्ट पोलिसात जमा करायचा. २०२४ ला असे १६०० हून जास्त लोक घरी बसवले होते.

बहुतेक जण इथंच थांबतात. गुंड होते, पासपोर्ट घेतले, विषय संपला. पण क्लिफर्ड स्टॉट नावाचे एक मानसशास्त्रज्ञ आहेत, ते वर्षानुवर्षं या फॅन्सबरोबर फिरले, आणि त्यांनी जे मांडलं ते मला पटतं. मार्सेयमध्ये गडबड करणारे सगळे आधीपासून ठरवून आलेले गुंड नव्हते. स्थानिक पोरांनी हल्ले केले, पोलीस मध्ये पडले नाहीत, आणि पडले तेव्हा सरसकट अश्रुधूर. मग ज्याला मारामारीत काडीचा रस नव्हता तो साधा माणूसही म्हणायला लागला की आता आपलं कोण, तर हे शेजारचे, आणि त्या शेजारच्यात दोन खरे गुंड असले की ते पुढारी होतात. २००४ ला पोर्तुगालमध्ये हे ओळखून उलटं केलं. लिस्बनच्या रॉसियू चौकात पोलीस साध्या गणवेशात, दोघा-दोघांनी, हसत बोलत, फोटो काढू देत फिरायचे, दंगल पथक गल्लीत लपवलेलं, फॅन्सना दिसणार नाही असं. चौकभर इंग्लंडचे झेंडे, हजारो माणसं, आणि मोठी गडबड झाली नाही. आणि त्याच स्पर्धेत अल्बुफेराला, जिथं दुसरं पोलीस दल होतं आणि ही पद्धत वापरली नव्हती, तिथं दोन रात्री दंगल. देश तोच, स्पर्धा तीच, इंग्लिश माणसं तशीच.

म्हणून कुणी मला विचारलं की इंग्लिश फॅनचा स्वभाव कसा, तर मी म्हणतो अर्धा त्याच्या गावाहून आलेला असतो आणि अर्धा तुमच्या चौकात तयार होतो. २०२४ ला जर्मनीत गेल्सनकिर्शनला सर्बियाच्या मॅचआधी खुर्च्या उडाल्या, मॅचनंतर ट्राम आणि ट्रेनसाठी लोकांना तासन्‌तास थांबावं लागलं, इतकं वाईट नियोजन की मला जर्मनीत राहणारा म्हणून लाज वाटली. आणि तरीही त्या लायनीत इंग्लिश लोक उभे राहिले, गाणी म्हणत, एकमेकांना पाणी देत. १९९८ चे पोलीस असते तर काय झालं असतं कुणास ठाऊक. मारामारीत दरवेळी सुरुवात हेच करतात हाही समज सोडून द्यायला पाहिजे. २०१६ ला मार्सेयमध्ये दीडशेच्या आसपास ट्रेनिंग घेतलेले रशियन गुंड ठरवून आले होते, असं तिथल्या सरकारी वकिलांनीच सांगितलं. आणि सेमीच्या दिवशी डॉर्टमुंडला बारमध्ये बसलेल्या इंग्लिश लोकांवर डचांच्या एका गटानं हल्ला केला.

स्कॉटलंडवाल्यांशी तुलना सगळेच करतात. त्या जूनमध्ये कोलोन किल्ट घातलेल्या स्कॉटिश लोकांनी भरलेलं, बॅगपाइप वाजताहेत, आणि सगळं शहर त्यांच्या प्रेमात. मीही होतो. पण याच स्कॉटिश फॅन्सनी १९७७ ला वेम्बलीचे गोलपोस्ट मोडले होते आणि हिरवळ उपटून नेली होती. नंतर त्यांनी ठरवून बदल केला, आणि त्यात मोठा भाग हा की आपण इंग्लंडवाल्यांसारखे नाही हे जगाला दाखवायचं. म्हणजे माणसं बदलतात, एक पिढी मनावर घेते आणि बदलतात.

बदलाचंच एक चित्र मी ६ जुलैला आमच्या गावात बघितलं आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. माझ्यासारख्या सावळ्या माणसाला इंग्लंडच्या गर्दीत शिरताना पोटात थोडं होतंच. १९८४ ला जॉन बार्न्सनं ब्राझीलविरुद्ध माराकानावर तो अप्रतिम गोल मारला, सगळ्यांना चकवत एकटा आत घुसून, इंग्लंड २-० जिंकलं, आणि टीमबरोबर विमानात असलेले नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाचे फॅन्स म्हणत होते की स्कोअर १-० च, काळ्याचा गोल धरायचा नाही. हे स्वतः बार्न्सनी सांगितलंय. आणि जुनं कशाला, २०२१ ला फायनलमध्ये रॅशफर्ड, सांचो आणि साका पेनल्टी चुकले तेव्हा सोशल मीडियावर त्यांना काय काय म्हटलं गेलं ते सगळ्यांनी वाचलंय. त्याच दिवशी वेम्बलीत बिनतिकिटाचे लोक गेट तोडून घुसले, अपंगांसाठीच्या दारातून रेटारेटी करून आत शिरले. हे सगळं घरी बरं का, परदेशात नाही. बाहेर फिरणाऱ्या मेंबर लोकांना याचा राग आमच्यापेक्षा जास्त येतो, कारण नाव त्यांचं जातं.

तर ६ जुलैला आल्टश्टाडमध्ये पबबाहेरच्या टीव्हीसमोर माझ्या शेजारी एक सरदारजी उभे होते, वुल्वरहॅम्प्टनचे, पगडीवर लाल क्रॉसचा बिल्ला. पंजाबी वुल्व्ज हा तिथला जुना सपोर्टर गट, त्यांच्यातलेच. आम्ही हिंदीत बोलायला लागलो. ते म्हणाले माझे वडील फाउंड्रीत कामाला होते, फुटबॉलचं वेड, पण इंग्लंडच्या मॅचला कधी गेले नाहीत, कारण त्या काळात ग्राउंडबाहेर नॅशनल फ्रंटवाले पत्रकं वाटायचे. मी जातो, माझी मुलगी पण येते. मुलगी बारा-तेरा वर्षांची, पाठीवर साकाचं नाव. मॅचमध्ये एम्बोलोनं स्वित्झर्लंडला पुढं नेलं, सगळं संपल्यासारखं वाटलं, आणि ८० व्या मिनिटाला त्याच साकानं आत येऊन लांबून तो गोल मारला, पोस्टला लागून आत. मग पेनल्टी. पामर, बेलिंगहॅम, साका, टोनी, अलेक्झांडर-अर्नोल्ड. पाचही आत. पाचही पोरं काळ्या किंवा मिश्र घरांतली. साका बॉल ठेवायला चालत गेला तेव्हा आख्खा चौक गप्प होता, तीन वर्षांपूर्वीचं सगळ्यांच्या डोक्यात होतं, कुणाला बोलून दाखवायची गरज नव्हती. गोल झाला आणि त्या पबबाहेरचे सगळे, ते टॅटूवाले, टकले, उन्हानं लाल झालेले, सगळे साकाचं नाव घेऊन ओरडत होते आणि एकानं, ज्याला मी सकाळी बघून रस्ता बदलला असता, त्या मुलीला खांद्यावर उचलायला सरदारजींना हात दिला. पाजी रडत होते, मीही.

एका दिवसानं इतिहास पुसला जात नाही हे मला कळतं. पण त्या मुलीनं इंग्लंडची गर्दी म्हणून जे बघितलं ते हे, आणि तिच्या आजोबांनी बघितलं होतं ते ते, आणि मधल्या काळात कुणीतरी खपलंय यासाठी. सपोर्टर्सच्या संघटनेनं १९९० पासून परदेशात फॅन्ससाठी मदतकेंद्रं चालवली, कुणाचा पासपोर्ट हरवला, कुणाला मार लागला, कुठल्या गल्लीत जाऊ नये, सगळं सांगणारी, आणि तीही स्वयंसेवकांच्या जोरावर. अशा लोकांचे फोटो पेपरात येत नाहीत, खुर्ची फेकणाऱ्याचा येतो.

अजून एक गोष्ट लोक चुकीची समजतात असं मला वाटतं, ती म्हणजे फुटबॉल घरी येतंय वालं गाणं. क्रोएशियावाले, जर्मन, सगळे म्हणतात किती घमेंड. २०१८ च्या वर्ल्डकप सेमीत इंग्लंडला हरवल्यावर क्रोएशियाच्या मॉड्रिचनं इंग्लिश पत्रकारांना सुनावलं की तुम्ही आम्हाला कमी लेखलंत, आणि पेपरवाल्यांबद्दल त्याचं बरोबरच असेल. पण ते गाणं १९९६ चं आहे आणि ते मुळात हरण्याचं गाणं आहे. १९६६ नंतर काही हाती लागलं नाही, दरवेळी वाट बघितली, दरवेळी तोंडावर पडलो, तरी परत आलो, असं आहे ते. मी चौकात ज्यांच्याशी बोललो त्यातला एकही माणूस आपण जिंकणार असं म्हणाला नाही, पेनल्टीवर जाणार आणि हरणार असंच प्रत्येकाचं म्हणणं. सेमीत वॉटकिन्सनं शेवटच्या क्षणी गोल मारल्यावरसुद्धा वॉल्सॉलच्या काकांचा मेसेज आला, आता बर्लिनला जाऊन हरायचं. आणि तसंच झालं, ओयार्साबालचा ८६ व्या मिनिटाचा गोल, स्पेन २-१. काका विनातिकीट बर्लिनला गेले होते, बाहेरच मॅच बघितली, आणि दुसऱ्या दिवशी बसनं घरी.

बायकांची टीम मात्र युरो जिंकतेय, २०२२ ला वेम्बलीत, २०२५ ला बासेलला पेनल्टीवर, आणि त्यांच्या मागं जाणारी गर्दी बघा, आया, मुली, आजोबा, घरंच्या घरं. तोच झेंडा, तीच गाणी, पण कुठलंही शहर धास्तावत नाही. पुरुषांच्या मॅचला इतक्या मुली दिसायला लागतील तो दिवस मला बघायचाय.

पुढची युरो, २०२८ ची, इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडमध्ये आहे. फायनल वेम्बलीला. म्हणजे या वेळी चौक त्यांचा आणि पाहुणे बाकीचे, आणि २०२१ चं वेम्बली बघितलेल्या सगळ्यांचं लक्ष असणार की पाहुण्यांचं कसं होतंय. बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कलाही मॅचेस आहेत आणि वॉल्सॉल तिथून अगदी जवळ. काकांनी आत्ताच सांगून ठेवलंय, हॉटेल करायचं नाही, घरी उतरायचं, वरची खोली रिकामी आहे आणि मेव्हण्याकडं गाडी आहे. मी हो म्हणालोय, आता तिकिटांचे अर्ज कधी सुरू होतात त्याच्यावर नजर ठेवून आहे.